कोरड्या ओढ्याची नोंदवही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘ओढ्याचे पाणी आटले, झाडांनी माना टाकल्या, आता नोंदण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा पाऊस झाल्यावरच वही पुन्हा उघडीन,’ असे तू त्यात लिहिले आहेस. ते वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण नेमकी हीच चूक मी तुझ्या वयात केली होती आणि तिची भरपाई मला पुढे करता आली नाही. वही बंद करू नकोस. भरल्या ओढ्याच्या नोंदी पुष्कळ जण ठेवतात, पण आटत चाललेल्या ओढ्याच्या नोंदी फार थोड्यांकडे असतात. रान आणि त्यातला ओढा एकमेकांना कसे धरून आहेत, हे मात्र याच दिवसांत उघडे पडते.

आटणारा ओढा हा अपवाद आहे, असेही समजू नकोस. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असा अंदाज मांडला आहे, की पृथ्वीवरच्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के लांबीत वर्षातून निदान एक दिवस तरी प्रवाह थांबतो. तुझ्या ओढ्याचे काही बिघडले आहे, असे गृहीत धरून तू निरीक्षणाला गेल्यास दिसेल ते सारे तुला बिघाडाचेच लक्षण वाटेल. आटणे हा त्याच्या वर्षाचा एक भाग आहे, असे धरून जा. यंदा तो नेहमीपेक्षा लवकर आटला की नाही, हे सांगण्यासाठी आधीच्या वर्षांच्या तारखा हाताशी लागतात, आणि त्या तारखा कोणीतरी कोरड्या दिवसांत उन्हातून चालत जाऊनच लिहिलेल्या असाव्या लागतात.

माझी चूक सांगतो. त्या वर्षी ओढ्याची धार तुटली त्या दिवशी मी ‘कोरडा’ एवढे लिहून वही मिटली. काही आठवड्यांनी एका सकाळी सहज तिकडे गेलो, तर मध्यंतरी पावसाचा थेंबही पडलेला नसताना खडकाखालून बोटभर जाडीची धार वाहत होती. ती केव्हा सुरू झाली, हळूहळू वाढली की एकाएकी आली, काठच्या झाडांची पाने गळाली त्याच्या आधी आली की नंतर, यांतले काहीच मला सांगता येईना. पुढे वाचनातून उलगडा झाला. काठची झाडे पाने गाळतात तेव्हा त्यांच्या मुळांची जमिनीतल्या पाण्यावरची ओढ कमी होते, मग भूजल थोडे वर सरकते आणि पाऊस नसतानाही ओढा पुन्हा वाहू लागतो. हे माझ्या डोळ्यांसमोर घडले होते, आणि त्या दिवसांची वहीची पाने कोरी होती.

पाण्याचा हा जमाखर्च रोजही चालतो, आणि या उन्हाळ्यात तू सर्वांत जास्त लक्ष याकडेच द्यावेस, असे मला वाटते. ओढा क्षीण झाला की दोन डोहांमधला एखादा उथळ, गोट्यांचा पट्टा निवडून ठेव. पहाटे पाहशील तर गोट्यांच्या फटींतून पाण्याचा एक बारीक धागा वरच्या डोहापासून खालच्या डोहापर्यंत अखंड गेलेला असतो. दुपार कलता पुन्हा जाशील, तर तोच धागा मध्येच तुटलेला असतो, गोट्यांवर फक्त ओलसर काळसर कडा उरलेली असते, आणि हात लावला तर गोट्याची वरची बाजू तापलेली व बूड गार लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे धागा पुन्हा जुळलेला असतो. मी प्रथम हे पाहिले तेव्हा वरच्या अंगाला कोणीतरी दिवसा पाणी उपसत असणार, अशी माझी ठाम समजूत झाली आणि तसे मी वहीत लिहूनही टाकले. वर चालत जाऊन पाहिले तेव्हा तिथे उपशाचे काहीही चिन्ह नव्हते. पाणी उपसत होती ती काठची झाडे.

उजेड झाला की पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडतात, त्यांतून बाष्प बाहेर पडते आणि त्याची भरपाई मुळे जमिनीतून करतात. अंधार पडला की बहुतेक झाडांची रंध्रे मिटतात, पण उताराच्या पोटातून झिरपणारे पाणी रात्रभर येतच राहते, म्हणून पहाटेपर्यंत पातळी सावरते. अमेरिकी भूजलतज्ज्ञ डब्ल्यू. एन. व्हाइट यांनी युटा राज्यातल्या एका खोऱ्यात उथळ विहिरींची हीच रोजची चढउतार मोजली आणि तिच्यावरून वनस्पती किती भूजल वापरतात याचा हिशेब करण्याची रीत १९३२ मध्ये मांडली. ती रीत आजही वापरात आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. झाडांचा उपसा भर दुपारी सर्वांत जास्त असला तरी ओढ्याची सर्वांत खालची पातळी बऱ्याचदा त्यानंतर काही तासांनी दिसते, कारण मातीतून पाणी सरकायला वेळ लागतो. हा उशीर किती तासांचा आहे, हे तुझ्या ओढ्यापुरते तूच शोधून काढायचे आहेस.

त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. डोहाच्या काठचा न हलणारा एक खडक निवड आणि त्यावरच्या एका ठळक खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोज. आठवड्यातून एक दिवस सूर्योदयाला, दुपारी आणि सूर्यास्ताला, असे तीनदा मोज. बाकीच्या दिवशी एकदाच, पण ठरलेल्या वेळेला मोज. जिथे पाणी दगडावरून खाली पडते तिथे एक लिटरची बाटली धरून ती भरायला किती सेकंद लागतात ते लिही. आज चार सेकंद लागले आणि तीन आठवड्यांनी बारा लागले, तर मिनिटाला पंधरा लिटरचा ओढा पाच लिटरवर आला, हे तुला कोणाला विचारावे लागणार नाही. पाण्याचे तापमान सावलीत घे, आणि तापमापक कोणत्या खोलीवर धरला होतास तेही नोंदव. या बाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण जागा आणि वेळ बदलत गेलेल्या नोंदी वर्षाअखेरीस एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत, आणि तेव्हा होणारी हळहळ मी अनुभवली आहे.

धार तुटल्यावर जे डोह उरतात, त्यांच्याशी अतिशय जपून वाग. तिथे मासे, बेडूकमासे, चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे रोज लहान होत जाणाऱ्या जागेत एकत्र येतात, आणि बगळा व खंड्या यांना हे आपल्या आधी कळलेले असते. त्या गर्दीत प्राणवायूचा प्रश्न सर्वांत बिकट असतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. शिवाय शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री इतर जिवांप्रमाणे तेही तो वापरते, म्हणून डोहातला प्राणवायू सर्वसाधारणपणे पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणजे ज्या घटकेला ओढ्याची पातळी सर्वांत चांगली असते, त्याच घटकेला डोहातल्या माशांचा जीव सर्वांत मेटाकुटीला आलेला असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर वेळ, अंदाजे संख्या आणि पाण्याचे तापमान लिही. त्यांना उचलून दुसऱ्या पाण्यात सोडण्याचा मोह तुला होईल, मलाही झाला होता. तसे करू नकोस. त्यातून रोग आणि परकी जात निरोगी पाण्यात जाऊ शकते, आणि हाताळणीतच अनेक मासे दगावतात. डोह मोठ्या प्रमाणावर मरू लागला, तर त्या भागाची जबाबदारी असलेल्या वनखात्याला किंवा मत्स्यखात्याला कळव.

कोरड्या पात्राचे म्हणशील, तर तिथे गुडघ्यांवर बसल्याशिवाय काही दिसत नाही. एखादा मोठा दगड हळूच उचल. त्याच्या खालच्या बाजूला वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळीसारखी घरे दिसतील. ती पाण्यात वाढणाऱ्या एका किड्याच्या अळीची आहेत. काही रिकामी असतील, काहींची तोंडे बंद असतील. त्याशेजारी शंखाच्या तोंडावर पडदा ओढून ओल धरून बसलेली एखादी गोगलगाय सापडेल. पात्राखालच्या वाळूत आणि गोट्यांत बऱ्याच ठिकाणी पाणी अजून असते आणि संथपणे पुढेही सरकत असते. बारीक अळ्या व कवचधारी जीव त्या ओलीत खाली उतरून तग धरतात. म्हणून वहीत ‘ओढा कोरडा’ असे लिहू नकोस. पृष्ठभाग कोरडा आहे, की दगडाखाली ओल आहे, की वीतभर उकरल्यावर पाणी लागते, ते वेगवेगळे लिही. उकरायचे ते एकाच ठरलेल्या जागी आणि नंतर बुजवून टाकायचे. उचललेला दगड जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून परत ठेवायचा. दगड उलटा पडला, तर खाली आसरा घेतलेले जीव तासाभरात वाळून जातात.

आता झाडे. ‘मरगळली आहेत’ या शब्दाने मला काहीच कळले नाही. पाने दुपारी लोंबतात आणि पहाटे ताठ होतात, की पहाटेसुद्धा लोंबलेलीच असतात? पहिल्या प्रकारात झाड रात्री आपली तूट भरून काढते, दुसऱ्या प्रकारात ते जमेनासे झालेले असते. पाने पिवळी होऊन गळत असतील, तर झाड देठाशी थर तयार करून, पानांतली काही पोषकद्रव्ये परत घेऊन, रीतसर खर्च कमी करत आहे असे समज. पण पाने तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून राहिली असतील, तर बहुधा ती फांदी पाने सोडण्याआधीच मेली. तीव्र टंचाईत लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नलिकांमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात, पाण्याची अखंड दोरी तुटते आणि पुढचा भाग वाळतो. शंका आली तर बारीक डहाळीची साल नखाने अगदी थोडी खरवडून पाहा. आत हिरवा ओला थर असेल तर ती जिवंत आहे. एकाच जातीची तीन झाडे निवड, एक पाण्याकाठी, एक उतारावर आणि एक माथ्यावर, आणि दर आठवड्याला एकाच जागेवरून त्यांची छायाचित्रे घे. ओढ्यापासून किती उंचीवर मुळांना पाणी मिळेनासे होते, याचा अंदाज या तीन झाडांवरून येऊ लागतो.

मोठ्या झाडांखालची बारीक झुडपे आणि रोपेही पाहा. काही झाडांची खोल मुळे रात्री खालचे पाणी वर ओढतात आणि त्यातले थोडे वरच्या कोरड्या मातीत सोडतात, हे रिचर्ड्स आणि कॉल्डवेल या संशोधकांनी १९८७ मध्ये एका रानझुडपाच्या मुळांबाबत दाखवून दिले, आणि नंतर ते इतर अनेक जातींतही आढळले. तुझ्या रानात असे घडते का, हे केवळ पाहून सिद्ध होणार नाही, कारण सावलीनेही रोपे टवटवीत राहतात. पण सारख्याच सावलीतल्या दोन जागांची तुलना करशील, तर पुढे तपासण्याजोगा प्रश्न तरी हाती लागेल.

पशुपक्ष्यांसाठी मी फार लिहीत नाही. शेवटच्या डोहापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बस, आणि पहाटे व तिन्हीसांजेला खुणेचे माप झटपट घेऊन मागे सर, कारण तुझ्या वावरामुळे एखादा प्राणी तहानलेला परत गेला तर त्याला दुसरा पाणवठा जवळ असेलच असे नाही. वाळलेल्या पाचोळ्यात काडी पेटवू नकोस. एकट्याने जाताना घरी सांगून जा आणि सोबत भरपूर पाणी ने.

‘आज बदल नाही’ ही नोंदही तारखेसह लिहायची. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये झाडांची पालवी, फुले आणि पक्ष्यांचे आगमन यांच्या तारखा लिहिण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालवले. हवामान आणि पालवी यांचा संबंध शोधणारे अभ्यासक आज त्या तारखांकडे वळतात. लिहिणाऱ्यांना त्यांचा असा उपयोग होईल हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते दरवर्षी त्याच गोष्टी त्याच पद्धतीने लिहीत राहिले.

आणि पाऊस येईल त्या दिवशीची तयारी आतापासून कर. पहिल्या सरीने ओढा वाहील, अशी अपेक्षा ठेवू नकोस. पहिले काही थेंब पानांवरच अडकतात, मग पाचोळा आणि तहानलेली माती पाणी पितात, आणि पात्र कित्येक तास, कधी कित्येक दिवस, तसेच राहते. पाणी येते तेव्हाही पहिला लोंढा बऱ्याचदा चहासारखा काळसर आणि फेसाळ असतो, कारण साचलेल्या पाचोळ्याचा अर्क त्यात उतरलेला असतो. तो कुजताना प्राणवायू वेगाने संपतो, म्हणून उन्हाळाभर तगलेले मासे कधी याच पाण्यात मरतात. पात्रात उभा राहू नकोस, उंच काठावर थांब. वरच्या डोहापासून खालच्या वळणापर्यंतचे पाच दगड आजच हेरून त्यांना क्रमांक दे, आणि पाण्याचे टोक प्रत्येकापाशी किती वाजता पोचते ते लिही. दोन दगडांमध्ये ते टोक जमिनीत मुरून दिसेनासे झाले, तर ती जागा नकाशावर खूण करून ठेव आणि त्या पानाची नक्कल मला पाठव.

कळावे.