परदेशातल्या देणगीदारांसाठी संस्थेचा ऑनलाइन देणगी फॉर्म सोपा कसा करावा?

तुमच्या प्रश्नावरून समजतं ते असं: संस्था महाराष्ट्रातली, एफसीआरए (परकीय देणग्यांचं नियमन करणारा भारतीय कायदा) खाली नोंदणी आहे, अमेरिका-आखातातली मराठी मंडळी पैसे द्यायला तयार आहेत, पण फॉर्म अर्ध्यावर सोडतात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर खाते क्रमांक मागतात. अशा फॉर्ममध्ये बहुधा पहिलाच प्रश्न गोंधळाचा असतो: ‘भारतीय की परदेशी?’ माणूस राहतो कुठे, पासपोर्ट कुठला आणि कार्ड कुठल्या देशाचं, या तीन वेगळ्या गोष्टी त्या एका प्रश्नात कोंबलेल्या असतात.

दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम एफसीआरएच्या अर्थाने परकीय देणगी नसते. ती तुमच्या नेहमीच्या खात्यात घेता येते. पासपोर्टचा तपशील मात्र घेऊन ठेवा, बँक विचारू शकते. याउलट अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारक (मूळच्या भारतीय, पण आता परदेशी नागरिक) बाईंनी सुट्टीत पुण्याला येऊन रुपयांत दिले, तरी ते पैसे परकीयच. म्हणून थेट विचारा, ‘तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा?’ आणि खाली एक ओळ टाका: ‘ओसीआय असल्यास परदेशी पासपोर्टचा देश निवडा.’

पुढचा मार्ग या उत्तरावर ठरतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी कंपनी) दोन स्वतंत्र मर्चंट खाती घ्या, एकावर आलेले पैसे त्या एफसीआरए खात्यात जमा होतील, दुसऱ्यावरचे नेहमीच्या. एकच खातं ठेवून ‘महिनाअखेर वेगळं करू’ म्हणाल तर फसाल: चुकीच्या खात्यात पडलेले पैसे नंतर हलवल्याने नियमभंग पुसला जात नाही. (एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने परदेशी पासपोर्ट निवडताच फॉर्म नम्रपणे थांबवावा, कार्ड क्रमांक मागून झाल्यावर नव्हे.)

पॅन सक्तीचा ठेवला की परदेशी नागरिक तिथेच अडकतो. त्याच्याकडे बहुधा पॅन नसतो आणि भारतात करपात्र उत्पन्न नसेल तर 80-जीच्या (देणगीवरच्या भारतीय करसवलतीच्या) पावतीचा त्याला उपयोगही नसतो. ‘मला 80-जी पावती हवी’ अशी टिकखूण ठेवा आणि ती केली तरच पॅन विचारा. अमेरिकेतल्या देणगीदाराला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: भारतीय संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर तिकडे करवजावट मिळत नाही. त्यासाठी देणगी तिकडच्या 501(सी)(3) संस्थेमार्फत (अमेरिकेतली करमुक्त धर्मादाय संस्था) यावी लागते, आणि तिथून आलेला पैसाही तुमच्याकडे एफसीआरए खात्यातच जमा होतो.

आता पत्ता. देश सर्वांत वर विचारा, बाकी रकाने त्यानुसार बदला. सहा अंकी पिनकोडची तपासणी हा परदेशी पत्त्यांचा सर्वांत मोठा शत्रू. ब्रिटनच्या पोस्टकोडमध्ये अक्षरं असतात, संयुक्त अरब अमिरातीत आणि हाँगकाँगमध्ये पोस्टकोडच नसतो. आणि मराठी वस्ती भरपूर असलेल्या न्यू जर्सीचे झिप कोड शून्याने सुरू होतात. डेटाबेसमध्ये रकाना अंकांचा ठेवला की 08817 चं 8817 होतं. अमेरिकी बँक कार्डासोबत झिप जुळवून पाहते, तेव्हा हा शून्य गळाला की चांगलं कार्डही नाकारलं जाऊ शकतं. रकाना मजकुराचा ठेवा. राज्यांच्या यादीत फक्त भारतीय राज्यं नाहीत ना, तेही पाहा.

फोनला दहाच अंकांची अट नको: सिंगापूरचा नंबर आठ अंकी, आणि आंतरराष्ट्रीय क्रमांक देशाच्या कोडसह 15 अंकांपर्यंत जातो. ओटीपी ईमेलवर पाठवा. परदेशी नंबरवर भारतीय एसएमएस पोचेल याचा भरवसा धरू नका.

रकमेपाशी ‘$’ एवढंच लिहू नका. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळ्यांचा डॉलरच आहे. ‘अमेरिकी डॉलर’, ‘कॅनेडियन डॉलर’ असं पूर्ण लिहा. लाखाचा स्वल्पविरामही परक्याला कोडं वाटतो (1,00,000), आणि जर्मन माणूस दशांशासाठी स्वल्पविराम वापरतो. म्हणून रक्कम टाइप झाल्यावर पुढच्या पानावर ती चलनासह पुन्हा दाखवा. प्रोग्रामरसाठी एक सापळा: गेटवे रक्कम सर्वांत लहान एककात मागतात, म्हणून शंभराने गुणण्याची सवय असते. जपानी येनला लहान एककच नाही, कुवेती दिनारला तीन दशांश स्थळं आहेत. सरसकट शंभराने गुणलं तर 5,000 येनऐवजी 5,00,000 येन कापले जातील.

कार्डाच्या रकान्यात 16 अंक सक्तीचे करू नका, अमेरिकन एक्स्प्रेसचे 15 असतात आणि सुरक्षा कोड चार अंकी, तोही कार्डाच्या पुढच्या बाजूला. गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डं बहुधा आपोआप चालू नसतात, वेगळा अर्ज करावा लागतो. शुल्कही देशी कार्डापेक्षा जास्त. ते शुल्क ‘मी भरतो’ असा पर्याय द्या, पण टिकखूण आधीच करून ठेवू नका, ते लबाडीचं वाटतं.

पावतीवरची तारीख महिन्याच्या नावाने छापा. 03/04 हा अमेरिकनाला मार्चचा चौथा दिवस, आपल्याला एप्रिलचा तिसरा. कॅलिफोर्नियात 31 मार्चची दुपार झाली की भारतात 1 एप्रिल उजाडलेला असतो, म्हणजे आर्थिक वर्ष बदललं. पावती कोणत्या वेळेनुसार, हे तिच्यावरच लिहा. नाहीतर मार्चअखेरीस वादाचे ईमेल येतात.

तरीही काही जण बँकेतूनच पाठवतील. त्यांच्यासाठी पानावर आयएफएससीसोबत स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे पाठवताना लागणारा बँकेचा कोड), खात्याचं अचूक नाव आणि शाखेचा पत्ता द्या. युरोपातली बँक आयबॅन (आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा खाते क्रमांक) मागेल. ‘भारतात आयबॅन नसतो, खाते क्रमांक टाका’ ही ओळ तिथेच हवी. मधल्या बँका शुल्क कापतात, म्हणून 100 डॉलर पाठवले तर खात्यात कमी दिसतात. पावती मिळालेल्या रकमेची असेल, हेही त्या पानावर लिहून ठेवा.