पाण्यातलं बाळंतपण आणि पाण्याबाहेर यायची तयारी

पाण्यात जन्मलं तर बाळाच्या नाकातोंडात पाणी नाही का जाणार? हा प्रश्न घेऊन येते ती बहुतेकदा गरोदर बाईची आई, नाहीतर सासू. बाईने स्वतः बरंच वाचलेलं असतं, तिचा बेत पक्का असतो. घरातल्या बाकीच्यांचा जीव मात्र टांगणीला लागलेला.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचं असंच होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दुसरी खेप, चौतिसावा आठवडा. पहिलं बाळंतपण हॉस्पिटलात, साधं झालेलं. या वेळी घरी, पाण्याच्या टबात करायचं ठरलं होतं. तिकडे सरकारी आरोग्यसेवेच्या मिडवाइफ (प्रशिक्षित सुइणी) घरी येतात, त्यामुळे यात जगावेगळं काही नव्हतं. पण साताऱ्याहून बाळंतपणासाठी आलेल्या बाईच्या आईचं म्हणणं, "माझ्या सासूच्या सगळ्या खेपा घरीच झाल्या, पण कोरड्या खोलीत!"

त्या आईला, म्हणजे काकूंना, मी आधी श्वासाचं सांगितलं. पोटात बाळ नऊ महिने पाण्यातच असतं, फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून मिळतो. बाहेर आल्यावर तोंडाला गार हवा लागते, अंगाला हात लागतात, नाळेतला पुरवठा कमी होत जातो, तेव्हा पहिला श्वास सुटतो. कोमट पाण्यात, नाळ चालू असताना, ही चालना मिळत नाही. म्हणून पूर्ण बाळ पाण्याखाली जन्मतं आणि लगेच, पण हळू, वर आणलं जातं. एकदा तोंड पाण्याबाहेर आलं की ते पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही. डोकं बाहेर येताना बाईने कंबर पाण्यावर उचलली आणि डोक्याला हवा लागली, तर उरलेलं बाळंतपण पाण्याबाहेरच.

यात एक खरा धोका आहे आणि तो काकूंपासून लपवला नाही. बाळाला आधीच प्राणवायू कमी पडत असेल तर ते पाण्याखालीच धाप टाकू शकतं. म्हणून मिडवाइफ पाण्यात चालणाऱ्या डॉप्लर यंत्राने बाळाचे ठोके ऐकत राहते. पहिल्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी, जोर करायच्या वेळी दर ५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर. ठोके बिघडले, पाणमोट फुटून हिरवट पाणी आलं, रक्त जास्त गेलं किंवा बाईला ताप आला, तर टबातून बाहेर. त्यावर चर्चा नाही.

इथून पुढच्या बोलण्यात 'बाहेर कसं यायचं' हे सतत समोर ठेवलं. टब ही कळा सोसायची सोय आहे. घरी बाळंत होणं सुरक्षित की नाही, हे टब बघून नाही, बाई आणि व्यवस्था बघून ठरतं. एकच बाळ, डोकं खाली, ३७ ते ४२ आठवडे, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन चांगलं, आधी सिझेरियन नाही, या गोष्टी आधी. भारतीय वंशाच्या बाईला इंग्लंडमध्ये २४ ते २८ आठवड्यांत साखरेची चाचणी करायला सांगतात. हिची ठीक होती. खेप दुसरी होती, हेही महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या जन्मस्थळांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शेकडा ४५ जणींना मध्येच किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात न्यावं लागलं. दुसरी-तिसरी खेप असलेल्यांत हे प्रमाण शेकडा १२ होतं. बाळाच्या दृष्टीनेही कमी जोखमीच्या पहिलटकरणींना घरी धोका थोडा जास्त दिसला, पुढच्या खेपांना तसा फरक दिसला नाही. पहिल्या वेळी कुणी घरच्या टबाचा हट्ट धरला तर हे आकडे समोर ठेवून बोलावं.

नवऱ्याची चिंता वेगळी होती: पाणी. टब फुगवायचा, ५०० ते ६५० लिटरचा. बाई बसल्यावर पाणी छातीपर्यंत यायला हवं, कारण पोट बुडालं तरच अंग हलकं होतं. भरलेल्या टबाचं वजन अर्ध्या टनाच्या वर जातं, म्हणून तो तळमजल्यावर ठेवायचा. त्यांच्याकडे कॉम्बी बॉयलर (टाकी नसलेला, नळ सोडला की पाणी तापवणारा) होता, मिनिटाला जेमतेम १० लिटर गरम पाणी देणारा. म्हणजे ५०० लिटरला पाऊण-एक तास. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी असते त्यांची गोची मोठी. बाहेरचं पाणी ८ अंशांचं आणि टाकीतलं ६० अंशांचं धरलं, तर ३७ अंशांच्या ५०० लिटरसाठी जवळपास २८० लिटर गरम पाणी लागतं. दीडशे लिटरची टाकी अर्ध्यावरच संपते आणि पुन्हा तापायला वेळ घेते.

म्हणून छत्तिसाव्या आठवड्यात रंगीत तालीम करायला सांगितलं. तीत पहिला अडसर निघाला तो नळाचा. स्वयंपाकघरातल्या नळाचं तोंड चौकोनी, आणि टबाबरोबर आलेला जोड गोल. ऐन रात्री हे कळलं असतं तर? बाथरूमच्या शॉवरचा पाइप काढून तिथे जोड बसवला, तेव्हा काम झालं. पाइप नवा आणि पिण्याच्या पाण्याचा हवा, बागेतला नको. तालीम झाल्यावर टब रिकामा करून कोरडा केला. काही जण पाणी दिवसेंदिवस भरून, हीटर आणि पंप लावून ठेवतात. अशाच टबातून एका बाळाला लेजिओनेला या कोमट पाण्यात वाढणाऱ्या जंतूचा संसर्ग झाल्यावर इंग्लंडच्या आरोग्यखात्याने २०१४ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला होता. कळा सुरू झाल्यावरच भरायचा, आत एकदाच वापरायचं अस्तर घालायचं, आणि पाण्यात तेल, मीठ, फुलं काही टाकायचं नाही.

पाणी निवायला लागलं की घरातले किटली घेऊन धावतात. पावणेदोन लिटरची उकळती किटली ५०० लिटरला फार तर पाचव्या हिश्शाने अंश चढवते. एक अंश वाढवायला ६० अंशांच्या पाण्याच्या दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या लागतात, त्याही बाई टबाच्या दुसऱ्या टोकाला असताना, आधी तेवढं पाणी उपसून ओतायच्या. उलट चूक जास्त वाईट. पाणी ३७.५ अंशांच्या वर गेलं की आईचं अंग तापतं आणि बाळाचे ठोके वाढतात. दर तासाला पाण्याचं आणि आईचं, दोन्हींचं तापमान बघतात ते म्हणूनच.

बाकी सामान किरकोळ: तरंगता थर्मामीटर, टॉर्च, छोटा आरसा, प्लॅस्टिकचा कागद, आठ-दहा जुने टॉवेल, पाणी उपसायचा पंप, आणि एक बारीक जाळी. जाळी कशाला, असं काकूंनी विचारलंच. जोर करताना शी होते, ती काढायला. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर बाई त्याच लाजेने जोर आवरते. टबाबाहेर गादी, तिच्यावर प्लॅस्टिक आणि चादर. आणि हॉस्पिटलची बॅग दाराशी. त्या रात्री मिडवाइफ कमी पडल्या तर हॉस्पिटलातच या म्हणून सांगतात, तेव्हा ती लागते. भर कळेत टबाच्या काठावरून पाय कसा टाकायचा, कोणी कुठे धरायचं, हेही दोघांकडून कोरड्या टबात करून घेतलं.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात रात्री कळा सुरू झाल्या. मिडवाइफने तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं होतं, मग बाई टबात उतरली. त्याआधी उतरलं तर कळा मंदावू शकतात. तरी तासाभराने कळांमधलं अंतर वाढलंच. मिडवाइफने तिला बाहेर काढून घरात चालवलं, लघवीला पाठवलं, आणि कळांनी पुन्हा जोर धरल्यावर आत घेतलं. नवऱ्याने उत्साहात पाणी ३८ अंशांवर नेलं होतं, ते गार पाणी ओतून खाली आणलं. गॅस अँड एअर, म्हणजे कळा सुसह्य करणारा वायू, ती पाण्यातच ओढत होती. पेथिडिनसारखं वेदना कमी करणारं इंजेक्शन घेतलं असतं, तर पुढचे दोन तास पाणी बंद.

ती गुडघ्यांवर, हात काठावर टेकलेले. तोपर्यंत दुसरी मिडवाइफही आलेली. डोकं आलं आणि पुढच्या कळेपर्यंत तसंच राहिलं. ती दीड-दोन मिनिटं घरच्यांना संपता संपत नाहीत. पाण्यात डोक्याला हात लावत नाहीत, ओढत तर नाहीतच. पुढच्या कळेला बाळ आलं. मिडवाइफने ते हळू वर आणलं, कारण झटक्याने उचललं तर नाळ तुटू शकते. ब्रिटनमधल्या टबाच्या बाळंतपणांवर २०२४ साली आलेल्या अभ्यासात, पाण्यात जन्मलेल्यांत नाळ तुटण्याचं प्रमाण हजारात चारच्या आसपास होतं, पाण्याबाहेर एकाच्या थोडं वर. नाळेला लावायचे चिमटे हाताशी असले की ते निभावतं. मोठ्या जखमा मात्र पाण्यात वाढलेल्या दिसल्या नाहीत.

बाळ रडलं नाही. काकू घाबरल्या. पाण्यात जन्मलेली बाळं बरेचदा आरडाओरडा न करता श्वास घेतात. मिडवाइफ रंग, श्वास आणि ठोके बघत होती, तिन्ही ठीक होते. दहा मिनिटांनी पाणी लालसर व्हायला लागलं. पाण्यात रक्ताचा अंदाज फसतो, म्हणून नाळ कापून तिला गादीवर घेतलं, मांडीत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसून रक्तस्राव रोखणारं औषध) दिलं, वीसेक मिनिटांत वार पडली. कोरड्या टबातल्या तालमीमुळे बाहेर यायला एक मिनिटही गेलं नसेल.

हे वाचून पुण्यामुंबईकडून हमखास विचारणा येते, आपल्याकडे घरी करता येईल का? नाही म्हणून सांगतो. तिथे दोन प्रशिक्षित मिडवाइफ, त्यांच्याकडचं ऑक्सिटोसिन, बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि हाकेला येणारी रुग्णवाहिका, हे सगळं एका व्यवस्थेत बांधलेलं आहे. इथे घरी टब मागवणं सोपं आहे, मागची व्यवस्था मागवता येत नाही. त्यापेक्षा आपल्या हॉस्पिटलात विचारा: कळांच्या वेळी टब किंवा गरम पाण्याचा शॉवर मिळेल का, पाण्यात असताना ठोके कशाने ऐकता, आजवर किती बाळं पाण्यात झाली, आणि बाहेर काढायचं ठरलं तर कोण काढतं. शेवटच्या प्रश्नाला चटकन उत्तर आलं नाही, तर कळांपुरता शॉवर घ्या आणि बाळंतपण पलंगावर होऊ द्या.