आधी अर्थिंग तपास, मग पार्ट बदल

जुन्या पिकअपचं वायरिंग उकलायच्या आधी मल्टिमीटर घे. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर थेट अर्थिंगकडे वळ, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून (चासीतून) बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या जोडणीकडे; माझा पहिला संशय कायम तिथेच असतो. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो? मागच्या दिव्यांची अर्थ वायर चासीला जिथे आवळलीय, तो बोल्ट खोल. खाली बहुतेक गंज सापडेल. पत्रा चकचकीत होईपर्यंत घास, घट्ट आवळ, वरून ग्रीस लाव.

स्टार्टर जड फिरत असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लाव आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ केबल किंवा तिचा जोड खराब आहे. फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा मात्र घालू नकोस, वायर पेटू शकते.