डीव्हीडी कॉपी होते पण चालत नाही, मग डीव्हीडीबॅकअप कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की विकत घेतलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी तुम्ही उबुंटूवर (लिनक्सवर) फाइल मॅनेजरमधून हार्ड डिस्कवर ओढल्या, फाइली आल्या, साइजही बरोबर दिसते, पण लावल्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आणि आवाज तुटक. आता टर्मिनलवरचं, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचं, डीव्हीडीबॅकअप वापरू का? हो, वापरा, आणि लवकर वापरा, कारण या डिस्का दरवर्षी थोड्या थोड्या खराब होतायत आणि यातली बरीच नाटकं पुन्हा कुठे मिळतील याचा काही भरवसा नाही.

आधी चौकोन का येतात ते. विकतच्या बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, १९९६ पासूनचं, ४० बिटची किल्ली. कुलूप लागलेला व्हिडिओ व्हीओबी फाइलींमध्ये असतो पण डिस्कची किल्ली असते लीड-इन नावाच्या आतल्या पट्ट्यात, आणि तो पट्टा फाइल म्हणून दिसतच नाही. तुम्ही फाइली ओढल्या की कुलूपबंद माल आला आणि किल्ली डिस्कवरच राहिली. १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा डीसीएसएस प्रोग्रॅम आला आणि ते किती कच्चं आहे ते सगळ्यांना कळलं. तो बनवण्यात हात असलेल्या नॉर्वेच्या योन लेक योहान्सेनवर त्यावरून खटलाही झाला, २००३ मध्ये तो निर्दोष सुटला.

आता महत्त्वाचं, डीव्हीडीबॅकअप स्वतः कुलूप उघडत नाही. ते काम लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी करते, व्हीएलसी प्लेअरवाल्यांचीच आहे. उबुंटूवर मल्टिव्हर्समधून (उबुंटूच्याच पॅकेजांचा एक विभाग) लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाका आणि त्यानंतर सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने) लावून डीपीकेजी-रिकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी चालवा. ही दुसरी पायरी सोडू नका, कारण पॅकेजमध्ये खरी लायब्ररी नसतेच, ती या पायरीला डाउनलोड होऊन तुमच्या मशीनवर कंपाइल होते. पॅकेज टाकलं तरी चौकोन येतायत म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच राहिलेलं असतं.

मग कमांड. डीव्हीडीबॅकअप, पुढे हायफन छोटा आय आणि ड्राइव्हचा पत्ता (बहुतेक स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर झिरो), पुढे हायफन मोठा आय. छोटा आय म्हणजे कुठून वाचायचं, मोठा आय म्हणजे फक्त माहिती दाखव, या दोघांत गल्लत करू नका. यात किती टायटलसेट (डिस्कवरच्या व्हिडिओचे गट) आहेत, किती चॅप्टर आहेत ते दिसेल. ते बघून मग मोठ्या आयच्या जागी मोठा एम म्हणजे पूर्ण मिरर (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी), हायफन छोटा ओ आणि कुठे ठेवायचं तो फोल्डर, हायफन छोटा एन आणि नाटकाचं नाव, आणि हायफन छोटा पी म्हणजे किती झालं ते दिसत राहतं. नाव हाताने द्याच, कारण आपल्याकडच्या कितीतरी डिस्कांचं आतलं नाव नुसतं डीव्हीडी व्हिडिओ वगैरे असतं आणि मग दुसरी डिस्क पहिलीच्याच फोल्डरवर लिहिली जायची भीती.

मोठा एफ पण आहे, तो फक्त मुख्य फिल्म काढतो. सिनेमाला ठीक, नाटकाला मी कधीच वापरत नाही, कारण पहिला अंक एका टायटलसेटमध्ये आणि दुसरा दुसऱ्यात असला की तो अंदाजाने एकच उचलतो आणि तुम्हाला ते कळतं मध्यंतरानंतर. पूर्ण मिरर घ्या, एका लेयरची डिस्क ४.७ जीबी, दोन लेयरची ८.५ जीबी, आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. एमकेव्ही-एमपीफोर फाइल करायची ती नंतर हँडब्रेक या प्रोग्रॅमने निवांत करा, पण मूळ मिरर ठेवा, एकदा दाबून लहान केलेल्या चित्रातून गेलेलं परत येत नाही.

ओरखडे असतील तर हायफन छोटा आर बघा. काही नाही दिलं तर खराब जागा आली की तो एका दमात बरेच ब्लॉक सोडून पुढे जातो, हायफन छोटा आर आणि पुढे छोटा बी दिलं तर एकेकच ब्लॉक सोडतो, म्हणजे २०४८ बाइट. वेळ खूप लागतो पण संवाद वाचतात, आणि नाटकात संवादच तर हवे असतात! सोडलेल्या जागी तो रिकामे ब्लॉक भरतो आणि स्क्रीनवर पॅडिंग असं लिहितो. ती ओळ दिसली की डिस्क काढून मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि परत चालवा. तरीही नाही झालं तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा, एकाला न वाचलेली डिस्क दुसरा वाचतो असं मी खूपदा पाहिलंय.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या रीजन १ च्या डिस्का असतील (रीजन म्हणजे डिस्क कोणत्या देशांत चालावी याचा आकडा, आपला ५) तर ड्राइव्हचं रीजन बदलायच्या मागे लागू नका, ते फक्त पाच वेळा बदलता येतं, मग कायमचं अडकतं. लिबडीव्हीडीसीएसएस बहुतेक वेळा डेटावरूनच किल्ली शोधून काढते, सुरुवातीला जरा थांबावं लागतं इतकंच. काही लॅपटॉप ड्राइव्ह मात्र अजिबात दाद देत नाहीत.

आणि एक, फोल्डरचं नाव एमपीईजीएव्ही असेल आणि कॉपी करताना इनपुट-आउटपुट एरर येत असेल तर ती व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची व्हिडिओ सीडी) आहे, तिला कुलूपच नसतं. तिथे सेक्टरमध्ये २०४८ ऐवजी २३२४ बाइट असतात म्हणून साधी कॉपी अडते. व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला कलम ६५ए आलं, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची घरात बघायला कॉपी ही माझ्या मते वेगळी गोष्ट, पण ती यूट्यूबवर किंवा टेलिग्रामवर टाकू नका, त्या कलाकारांचं आणि निर्मात्यांचं पोट त्यावर आहे. परदेशात असाल तर तिथला कायदा आधी बघा, अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने नुसतं कुलूप तोडण्यावरच कडक बंदी आहे.

मोठा आय चालवून जे आउटपुट येईल ते खाली कमेंटमध्ये टाका, किती टायटलसेट आहेत ते बघून पुढचं सांगतो.