स्पॅनिश कथांमधलं राजकारण वाचायला घेतोयस तर

अरे, घोषणा शोधत वाचू नकोस, तिथं काही सापडत नाही. आधी अल्बेर्तो मेंदेसचं 2004 चं पुस्तक घे, चारच कथा आहेत, 1939 ते 42 चा काळ, आणि प्रत्येक कथेला त्याने नावच ‘पराभव’ दिलंय, पहिला, दुसरा असं. पहिल्या कथेत स्पेनच्या यादवी युद्धात जिंकत आलेल्या जनरल फ्रँकोच्या सैन्यातला कॅप्टन हरणाऱ्या बाजूला शरण जातो, मी तर तिथंच अडकलो होतो, दोनदा वाचली. मग फर्नांदो आराम्बुरू या लेखकाच्या 2006 च्या कथा, उत्तर स्पेनमधल्या बास्क गावातली एटा या सशस्त्र फुटीर संघटनेची दहशत, पण सगळी शेजाऱ्यांच्या गप्प बसण्यातून दिसते. कोण बोलायचं टाळतंय तिकडं लक्ष ठेव, आणि त्या यादवी युद्धाबद्दल थोडं आधी वाचून घे रे, खूप फरक पडतो.