फ्यूजन सुशी रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदाच जातोय, काय मागवू?

तुम्ही लिहिलंय की मित्रांबरोबर जाताय, मेन्यूतलं काही कळत नाही आणि तिथे हसं व्हायला नको. सगळ्यात आधी काकडीचा साधा रोल मागवा, मेन्यूत तो 'कप्पा माकी' या जपानी नावाने असेल. कोणी हसलं तर हसू द्या.

मी दोन वर्षं सुशीच्या किचनमध्ये भात लावायचं काम केलंय. पाणी नितळ होईपर्यंत तांदूळ धुवायचे, भात शिजला की दहा मिनिटं झाकून मुरू द्यायचा, मग पसरट लाकडी टबात काढून गरम असतानाच त्यावर व्हिनेगर, साखर आणि मिठाचं मिश्रण शिंपडायचं. लाकडी चमचा आडवा धरून भात कापल्यासारखा हलवायचा. ढवळलात की लगदा झालाच. एकीकडे पंख्याने वारा घालत राहायचं. थोड्या वेळाने शितांवर चकाकी येते आणि शीत न् शीत वेगळं दिसतं, तरी बोटांनी दाबलं की एकमेकांना धरून राहतं. हा भात अंगाइतका कोमट असतानाच खायचा असतो.

आता माझ्या दादाच्या वाढदिवसाचं सांगते. रेस्टॉरंट त्यानेच निवडलं होतं. त्याने मागवलेला रोल ड्राय आइसच्या धुरातून आला. आत तळलेली कोळंबी, वर मेयोनीज, त्यावर गोड सॉस, त्यावर ट्रफलचं तेल. मी काकडीचा रोल मागवला. वेटर उभा असतानाच दादा म्हणाला, "दोन वर्षं सुशी केलीस आणि काकडी मागवतेस? भातच खायचा होता तर घरी खायचा." सगळे हसले, वहिनीसुद्धा.

रोल आला. पहिल्याच घासाला कळलं की भात फ्रिजमधून काढलाय. गारढोण, शितं दाताखाली कडक, आंबटपणा जवळपास नाहीच. बाहेरची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, दमट होऊन वातड झालेली, दातांनी ओढून तोडावी लागली. मी दादाला म्हटलं, वरचा सॉस बाजूला कर आणि नुसता भात खाऊन बघ. त्याने बघितलं नाही. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच असते," म्हणाला. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी गप्प बसले, पण मी खोट काढत नव्हते. भात वाईट होता.

फ्रिजच्या थंडीत भातातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून शितं कडक होतात. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे नीट केलेला सुशीचा भात सर्व्हिस चालू असेपर्यंत बाहेर टिकतो. तरी तो फ्रिजमध्ये जातो तो घाईमुळे किंवा निष्काळजीपणामुळे.

दादाचं म्हणणं, सुशी म्हणजे मासा, भात नुसता आधाराला. साफ चूक. सुशी या शब्दाचं मूळच 'आंबट' या अर्थाचं आहे. फार पूर्वी मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने आंबवायचे आणि भात टाकून द्यायचे. पुढे भातात थेट व्हिनेगर घालायला लागले आणि 19व्या शतकात एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप, रुळली. मासा नसलेली सुशी असते, भात नसलेली नसते. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात.

फ्यूजनवर, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या चवी एकत्र करण्यावर, माझा राग नाही. कच्चा सॅमन जपानमध्ये रुजला तोच 1980च्या दशकापासून, नॉर्वेच्या प्रयत्नांमुळे. नोबू मात्सुहिसा हे प्रसिद्ध शेफ जपानमध्ये सुशी शिकले, पेरूत लिमामध्ये काम केलं आणि तिथली मिरची-लिंबाची चव घेऊन 1987 साली बेव्हर्ली हिल्सला स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. त्यांनी आधी भात शिकला होता, मग मिरची घातली. वाईट भातावर सॉस ओतणं याला मी फ्यूजन म्हणत नाही.

तर काकडीच्या रोलमधला भात चांगला निघाला की मेन्यूतलं सगळ्यात विचित्र वाटेल ते बिनधास्त मागवा. तो बिघडलेला असेल तर गरम, भाजलेले पदार्थ घ्या आणि निघा. सुशी हाताने खाल्ली तर अजिबात चुकत नाही. निगिरी उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला लावा, भात बुडवलात तर तो सुटतो. सोबत येणारं मुरवलेलं आलं दोन घासांच्या मधे खायचं. ताटातला तिखट हिरवा गोळा बहुतेक ठिकाणी खरी वसाबी (एक जपानी झणझणीत कंद) नसते, हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ आणि मोहरी यांना रंग दिलेला असतो, त्यामुळे बेताने घ्या.

हो, हे राहिलंच. गरोदर बाईने कच्चा मासा टाळावा. कच्च्या माशातले परजीवी मारायला तो आधी गोठवावा लागतो, साधारणपणे उणे 20 अंशांवर 7 दिवस. त्याबद्दल विचारायला लाजू नका. शाकाहारी असाल तर मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) आणि सॉसचंही विचारा, त्यांत बहुधा माशाचा अर्क असतो.

जाऊन आलात की भात कसा होता तेवढं इथे लिहा. दादाला दाखवायचंय.