आयर्लंडमध्ये घडणाऱ्या आजच्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत, सुरुवात कोणत्या कादंबरीने करावी? मित्राने 'सोलर बोन्स' सुचवली, पण तिच्यात म्हणे एकही पूर्णविराम नाही. हे नुसते चाळे आहेत का?

प्रश्नात 'चाळे' हा शब्द नसता तर मी हे उत्तर लिहायला बसलो नसतो. नेमका हाच शब्द, याच कादंबरीविषयी, मी गेली काही वर्षे आमच्या दाजींच्या तोंडून ऐकत आलो आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक आणि मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता, त्यामुळे कादंबरीच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हे आमच्या घरात फार पूर्वीच ठरून गेलेले आहे.

2018 च्या दिवाळीत भाचा आयर्लंडमधल्या गॉलवेहून आला, तेव्हा त्याने वडिलांसाठी माइक मॅककॉर्मॅक यांची 'सोलर बोन्स' आणली होती. कादंबरी 2016 ची, ट्रॅम्प प्रेस या डब्लिनच्या छोट्या प्रकाशनाने काढलेली. त्याच वर्षी तिला गोल्डस्मिथ्स पारितोषिक मिळाले आणि 2018 मध्ये एक लाख युरोंचा डब्लिन साहित्य पुरस्कार. दाजींनी पहिली दहा-बारा पाने वाचली, मलपृष्ठ वाचले आणि फराळाचे ताट बाजूला सारून पुस्तक माझ्याकडे सरकवले. "घे, तुझ्या कामाचे आहे. यात सिमेंटबिमेंट आहे. लेखक पूर्णविराम द्यायला विसरला आहे, तेवढे तू दे." मलपृष्ठावरून कळलेले रहस्यही त्यांनी त्याच दमात सर्वांसमोर सांगून टाकले. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून सांगतो, मलपृष्ठ वाचू नका.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लुईसबर्ग गावातल्या एका घरात ही कादंबरी घडते. दिवस 2 नोव्हेंबरचा, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा, आपल्या सर्वपित्रीसारखा. दुपारी बाराची चर्चची घंटा वाजते आणि मार्कस कॉनवे नावाचा काउंटी कौन्सिलचा अभियंता स्वयंपाकघरात उभा राहून आठवू लागतो. रस्ते, पूल, वडिलांनी सुटे करून ठेवलेले यंत्र, मुलीचे चित्रप्रदर्शन, ऑस्ट्रेलियात भटकणारा मुलगा, आणि दूषित पाण्याने अंथरूण धरलेली बायको. त्या पाण्याची गोष्ट लेखकाच्या मनची नाही. 2007 मध्ये गॉलवे शहराच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडला होता आणि लोक सुमारे पाच महिने पाणी उकळून पीत होते. पाणीपुरवठ्याची एक योजना बिघडली की ती एखाद्या घरातल्या पलंगापर्यंत कशी येऊन पोहोचते, हे मी इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणत्याही कादंबरीत वाचलेले नाही.

मात्र माझे वाचन थांबले ते शाळेच्या प्रसंगापाशी. एका नव्या शाळेचा पाया वेगवेगळ्या प्रतीच्या काँक्रीटने ओतला गेला आहे. हे काँक्रीट एकसारखे आकुंचन-प्रसरण पावणार नाही आणि पुढे इमारतीला तडे जातील, एवढ्या कारणासाठी मार्कस सही करायला नकार देतो. मग राजकारणी येतो, गोड बोलतो, नंतर कडू बोलतो. हा भाग मी रात्री साडेअकराला वाचला आणि पुस्तक उलटे ठेवून गच्चीवर जाऊन बसलो.

1998 साली मी एका तालुक्यात शाखा अभियंता होतो. दोन खोल्यांच्या शाळेचा स्लॅब घालायचा होता. अर्धा स्लॅब झाला आणि मिक्सर बंद पडला, त्यात पाऊस आला. उरलेला अर्धा ठेकेदाराने सहा दिवसांनी, मला न कळवता, दुसऱ्याच खाणीच्या मातकट खडीने उरकला. जुन्या आणि नव्या काँक्रीटमधला सांधा खालून सरळ दिसत होता, पेन्सिलीने रेघ ओढावी तसा. नव्या बाजूला हातोडीने ठोकले की बद्द आवाज येई. चाचणीचे क्यूब मात्र अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तम उतरले, कारण ते पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे त्या काँक्रीटचे नव्हतेच; ते सावकाश, जास्त सिमेंट घालून, वेगळे घातलेले होते. त्यांच्या कडा इतक्या सुबक होत्या की हातात घेताच मला ते कळले होते.

मी एमबी, म्हणजे ठेकेदाराचे बिल जिच्यावरून निघते ती मोजमाप पुस्तिका, लिहिली नाही. अकरा दिवस ती माझ्या टेबलाच्या खणात पडून होती. दोन फोन आले, एकदा जीप येऊन गेली, आणि वरिष्ठांनी शांतपणे विचारले, की पोरे झाडाखाली बसली आहेत, त्यांची शाळा अडवून तुम्ही काय मिळवणार? त्या रविवारी दाजी आमच्याकडे जेवायला होते. मी सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, "सही कर. तू काय जगाचा ठेका घेतला आहेस? तुझा संसार आहे." बाराव्या दिवशी मी सही केली. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या सांध्यातून पाणी गळू लागले, तिसऱ्या वर्षी स्लॅबवर पत्रे टाकावे लागले. कोणाला इजा झाली नाही, एवढेच माझे नशीब. सही माझी होती, दाजींची नव्हती, हेही मला मान्य आहे.

आता पूर्णविरामाविषयी. दाजींचे म्हणणे असे, की 'युलिसिस'चे शेवटचे प्रकरण जवळजवळ विरामचिन्हांशिवाय लिहिणाऱ्या जेम्स जॉइसच्या सावलीतून आजच्या आयरिश लेखकांना बाहेर पडता येत नाही, म्हणून ते विरामचिन्हांशी खेळत बसतात. त्यांचे दुसरे म्हणणे असे, की मला ही कादंबरी आवडली ती साहित्य म्हणून नव्हे, तर मी माझी जुनी फाइल बगलेत मारून तिच्यात शिरलो म्हणून. दुसरा आरोप मला कबूल आहे आणि त्यात मला गैर काही वाटत नाही. ज्याच्याकडे कसलीच फाइल नाही त्याने कादंबरी कशाला वाचावी, हे मला अजून समजलेले नाही. पहिला आरोप मात्र न वाचता केलेला आहे. 'सोलर बोन्स'चे पान ठोकळ्यासारखे भरलेले नाही. वाक्य चालू असतानाच ओळ तुटते, पुढची ओळ थोड्या मोकळ्या जागेनंतर सुरू होते, आणि श्वास तिथेच घ्यायचा असतो. पहिली वीस पाने मोठ्याने वाचा. दोन दिवसांत पूर्णविरामाची आठवणसुद्धा राहत नाही. शिवाय ज्या माणसाच्या डोक्यात पूल, कर्जे, बायकोचा ताप आणि एक न केलेली सही एकाच वेळी चालू आहे, त्याच्या विचारांना पूर्णविराम कोण देणार? माझे ते अकरा दिवस मी लिहायला घेतले, तर मलाही पूर्णविराम सापडणार नाही.

मेयो काउंटीचे नाव काँक्रीटच्या संदर्भात आले म्हणून एक सांगून ठेवतो, ते कादंबरीत नाही. 2008 पूर्वीच्या बांधकामाच्या तेजीत मेयो आणि डोनेगल या काउंट्यांमध्ये बांधलेल्या हजारो घरांच्या भिंती पुढे तडकल्या, काही ठिकाणी तर ब्लॉक हाताने कुस्करता येऊ लागले, कारण खाणीतल्या दगडात मायका (अभ्रक) आणि पायराइटसारखी सदोष खनिजे होती. 2021 मध्ये या घरमालकांनी डब्लिनमध्ये मोर्चा काढला. त्यामुळे सदोष काँक्रीटची काळजी करणारा मेयोचा अभियंता हा लेखकाच्या कल्पनेचा खेळ आहे असे कोणी म्हणू लागले, तर त्याला त्या भिंती दाखवाव्यात.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आयर्लंड म्हटले की हिरवी कुरणे, पाऊस, दारू आणि पाद्री, असे चित्र घेऊन लोक पुस्तक शोधतात आणि मग कादंबरी रडकी आहे म्हणून तक्रार करतात. माझ्या मते आजची आयरिश कादंबरी खरी चालते ती पगाराच्या पाकिटावर, बँकेच्या हप्त्यावर आणि 'तू यात पडू नकोस' या घरगुती सल्ल्यावर. हा सल्ला सर्वांत थोडक्या जागेत पाहायचा असेल, तर क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (2021) आधी घ्या. जेमतेम सव्वाशे पानांची आहे आणि तिच्यात पूर्णविराम जागच्या जागी आहेत. 1985 चा नाताळ जवळ आला आहे, न्यू रॉस गावात बिल फर्लाँग नावाचा कोळशाचा व्यापारी कॉन्व्हेंटमध्ये कोळसा पोहोचवायला जातो आणि तिथल्या धुलाईघरात कामाला जुंपलेल्या मुलींपैकी एक त्याला नको तिथे सापडते. 'बिघडलेल्या' ठरवलेल्या मुलींना डांबून फुकट राबवणाऱ्या, जोगिणींनी चालवलेल्या अशा मॅग्डलेन धुलाईघरांपैकी शेवटचे 1996 मध्ये बंद झाले आणि सरकारने माफी मागितली ती 2013 मध्ये. फर्लाँगची बायको त्याला जे समजावते, ते वाचताना मला आमचे रविवारचे ताट दिसले. ती वाईट बाई नाही. तिला पाच मुली आहेत. दाजींनाही तेव्हा माझी काळजीच होती, हे मी इतक्या वर्षांनी लिहून ठेवतो, पण काळजीपोटी दिलेला सल्ला बरोबर असतोच असे नाही, आणि कीगनबाईंनी ते एकही जड शब्द न वापरता दाखवले आहे.

दुसरी डोनल रायन यांची 'द स्पिनिंग हार्ट' (2012). 2008 नंतर आयर्लंडमधले बांधकाम कोसळले, 2010 मध्ये देशाला 85 अब्ज युरोंचे मदतीचे पॅकेज घ्यावे लागले आणि गावोगावी अर्धवट, भुताटकीसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. या कादंबरीतला पोकी बर्क हा बिल्डर पळून जातो आणि मग कामगारांना कळते, की त्याने त्यांच्या नावाचे सामाजिक विम्याचे हप्ते कधी भरलेलेच नव्हते. आपल्याकडे ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधी बुडवला की जे होते, तेच. एकवीस माणसे एकेक प्रकरण स्वतःच्या तोंडाने सांगतात. कोण खरे बोलतो, हे वाचकाने जुळवायचे. याच माणसांकडे रायन 2024 च्या 'हार्ट, बी अ‍ॅट पीस'मध्ये परत आले आहेत, ती नंतर वाचा.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. सॅली रूनी यांची 'नॉर्मल पीपल' (2018) कॉलेजच्या वयाच्या प्रेमाची म्हणून खपते. मला मात्र तिच्यातली खरी गोष्ट ही वाटली, की मुलाची आई मुलीच्या घरी साफसफाईला जाते. अ‍ॅना बर्न्स यांच्या 'मिल्कमन'ला 2018 चे बुकर मिळाले. तिच्यात माणसांना नावेच नाहीत, 'मधली बहीण', 'तिसरे मेहुणे' असेच उल्लेख येतात. इंग्रजी समीक्षकांना हे फार अवघड वाटले म्हणे. ज्या घरात दाजींचे खरे नाव लग्नपत्रिकेनंतर कोणी उच्चारलेले नाही, त्या घरातल्या वाचकाला त्यात अडचण येऊ नये. पॉल लिंच यांच्या 'प्रॉफेट साँग'ला 2023 चे बुकर मिळाले. तिच्यात पूर्णविराम आहेत, पण परिच्छेदच पाडलेले नाहीत, आणि हुकूमशाहीत सापडलेले डब्लिन दाखवताना त्याने खरोखर जीव गुदमरतो. चाळे म्हणायचेच असतील तर तिथे म्हणून पाहा, मग मी तिथेही भांडेन.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी फक्त इंग्रजीतले वाचतो, आयरिश भाषेतल्या कादंबऱ्या मला परक्याच आहेत. 'मिल्कमन' उत्तर आयर्लंडमध्ये घडते, तिथला इतिहास वेगळा आहे आणि 1970 च्या दशकातल्या सशस्त्र संघर्षाची थोडी माहिती नसेल तर पहिली पन्नास पाने हाताला लागणार नाहीत. आणि बांधकामाशी काहीच संबंध नसलेल्या वाचकाला 'सोलर बोन्स' मला लागली तितकी लागेल, याची हमी मी देत नाही. माझ्या बायकोला ती लागली नाही, तिला कोल्म टोबीन यांची 'ब्रुकलिन' आवडली आणि तिने ती दोनदा वाचली. तेव्हा कीगन, मग रायन, मग 'सोलर बोन्स', असा क्रम ठेवा. मित्राला दुखवायचे नसेल तर 'सोलर बोन्स' घरात आणून ठेवा, पण आधीच्या दोन होईपर्यंत उघडू नका.

दाजींना मी गेल्या गणपतीत कीगन यांचे ते सव्वाशे पानांचे पुस्तक दिले आहे. बहीण सांगते, की ते वाचून झाले आहे. ते परतही आलेले नाही आणि दाजींनी त्याविषयी अजून अवाक्षर काढलेले नाही.